प्रतिसाद: ४ फुटी प्लांटेड टँक आणि घरगुती संप

भाऊ, ४ × २ × २ फुटांच्या, पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीला खाली संप (म्हणजे पाणी गाळून पंपाने परत वर पाठवणारी दुसरी टाकी) जोडायचा तुमचा बेत झकास आहे. पण संप काठोकाठ भरू नका, हे अनुभवाने सांगतो. आम्ही सांगलीकर पुराला सरावलेलो, तरी हॉलमधला पूर वेगळाच!

माझ्या रिटर्न पाइपचं (संपातलं पाणी वर नेणाऱ्या नळीचं) तोंड वरच्या टाकीच्या पाण्यात चार-पाच इंच बुडलेलं होतं. रात्री लाइट गेली, पंप थांबला आणि सायफन होऊन वरचं पाणी उलटं खाली. हिशोब करा: एवढ्या टाकीत पातळी एक इंच उतरली की साधारण १९ लिटर. संप भरून वाहिला, सोफ्याखालची चटई तरंगत होती. म्हणून पाइपला पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली ड्रिलने भोक पाडा. पातळी उतरली की तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो. मात्र ते भोक दर रविवारी बघा. माझ्याकडे त्यात एकदा गोगलगाय बसली होती, बरोब्बर बुचासारखी.

दुसरं, बायोबॉलवर (पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू ज्यांवर वाढतात त्या प्लास्टिकच्या गोळ्यांवर) पाणी ठिबकवायची तुमची कल्पना नुसत्या माशांसाठी उत्तम. झाडांसाठी सिलिंडरचा कार्बन डायऑक्साइड सोडणार असाल तर तो त्या ठिबकण्यातच उडून जाईल. मीडिया (म्हणजे ते गोळे) पाण्यात बुडालेला ठेवा, पाणी धबधब्यासारखं पडू देऊ नका, संपवर झाकण घाला.

नदीची वाळू वापरणार असाल तर आधी चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला तर त्यात चुना आहे, पाणी जड होणार. मासे मात्र महिनाभर तरी आणू नका, पोरं कितीही मागे लागली तरी.