पंचांगवाले कॅप्टन वॉट्स

जहाज सोडलं की कप्तानाचं ज्ञान वाया जातं, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. लंडनचे कॅप्टन ओ. एम. वॉट्स बघा. मास्टर मरिनर, म्हणजे मोठ्या जहाजाचं कप्तानपद सांभाळायची पात्रता असलेला माणूस. 1932 साली निघालेल्या ‘रीड्स नॉटिकल अल्मनॅक’चे ते संपादक होते. शिवाय लंडनच्या अल्बेमार्ल स्ट्रीटवर त्यांच्या नावाचं बोटींच्या सामानाचं दुकान होतं.

अल्मनॅक म्हणजे दर्यावर्दींचं पंचांगच! भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. छोट्या होडीला बंदराच्या तोंडाशी गाळात रुतायचं नसेल, तर नुसत्या अंदाजावर भागत नाही. भरतीची कोष्टकं, दीपस्तंभांच्या खुणा, सूर्यताऱ्यांची स्थानं, सगळं एका जाडजूड पुस्तकात. आपल्याकडे तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणाऱ्याला त्याचं मोल लगेच कळेल.