४२९४९६७२९७ : कसोटी म्हणते मूळ, अवयव म्हणतात संयुक्त

प्रश्न :
२³² + १, म्हणजेच ४२९४९६७२९७, ही संख्या मूळ आहे का हे पाहण्यासाठी मी फर्माची कसोटी (मूळ संख्येने न भागल्या जाणाऱ्या पायाचा, त्या संख्येहून एकने कमी असलेला घात तिने भागल्यास बाकी १ उरते) २ हा पाया घेऊन लावली. २ चा ४२९४९६७२९६ वा घात या संख्येने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून ती मूळ असावी असे मी धरले. परंतु अवयव पाडणाऱ्या प्रोग्रामने ६४१ × ६७००४१७ असे उत्तर दिले आणि हाताने केलेला गुणाकारही जुळला. चूक कोठे झाली, आणि या संख्येला कोणत्या वर्गात बसवावे?

उत्तर १ :
संख्या मूळ असेल तर बाकी १ येते. बाकी १ आली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. ३४१ = ११ × ३१ हीसुद्धा २ च्या पायावर अशीच फसवते. तुमच्या उदाहरणात तर निकाल आधीच ठरलेला होता : २³² ला या संख्येने भागल्यास बाकी −१ मानता येते, म्हणून २⁶⁴ ची बाकी १, आणि तुमचा घातांक २³² हा ६४ च्या पटीत आहे. पाया ३ घेतला असता तर बाकी ३०२९०२६१६० आली असती आणि प्रश्न तेथेच मिटला असता.

उत्तर २ :
घातांक म्हणून २ चाच एखादा घात घेऊन २ चा तेवढा घात करावा आणि त्यात १ मिळवावा, अशा सगळ्या संख्या मूळ असाव्यात, असे खुद्द फर्मा या गणितज्ञाला वाटत होते. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने ही संख्या (२³² + १) फोडली. तिचा प्रत्येक मूळ अवयव ६४क + १ या रूपाचा असतो, त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ यांनी भाग जात नाही हे पाहिले की पाचव्याच प्रयत्नात ६४१ हाती लागतो. भागाकारही करायचा नसेल तर ६४१ = ५ × २⁷ + १ = ५⁴ + २⁴ एवढ्यावरून काम भागते (६४१ ने भागल्यास ५ × २⁷ ची बाकी −१, म्हणून ५⁴ × २²⁸ ची १; त्यात ५⁴ च्या जागी −२⁴ घातले की −२³² ची बाकी १), आणि मला ही सिद्धता गुणाकारापेक्षा अधिक आवडते.

उत्तर ३ :
वर्गीकरणाचे म्हणाल तर ही दोनच मूळ अवयवांची संयुक्त संख्या, २ च्या पायावर छद्म-मूळ (संयुक्त असूनही कसोटीत मूळ भासणारी), आणि न्यून, कारण स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज संख्येहून कमी, जेमतेम ६७०१०५९ भरते. अंकांची बेरीज ५९ असून तिने भाग जात नसल्यामुळे कापरेकरांच्या हर्षद संख्यांत ती बसत नाही. ती दोन वर्गांची बेरीज म्हणून मात्र दोन प्रकारे लिहिता येते : ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९². मूळ संख्येला असा दुसरा प्रकार कधीच सापडत नाही, तेव्हा ती संयुक्त असल्याचा हाही पुरावाच आहे.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. पाया ३ घेऊन पाहिले, बाकी उत्तर १ मध्ये दिलेलीच आली. आता आठवते, की पहिल्या प्रयत्नात प्रोग्रामने १ ऐवजी ० दाखवले होते. २³² चा वर्ग ६४ बिटांत मावत नसल्यामुळे तसे झाले असणार.