राउटर हातात नसताना व्हिडिओ राउटिंगची तालीम कशी करायची?

गड्डा_एलईडी

सिद्धेश्वर यात्रेतलं काम आहे. सहा कॅमेरे, दोन लॅपटॉप, एक ग्राफिक्स मशीन, म्हणजे नऊ सोर्स. आउटपुटला चार एलईडी वॉल, केबलवाल्यांची फीड, रेकॉर्डर आणि स्टेजसमोरचा मॉनिटर, असे सात. राउटर (कुठला सोर्स कुठल्या आउटपुटवर जाईल ते ठरवणारी पेटी) ब्लॅकमॅजिकचा व्हिडिओहब १२जी, २०×२०, म्हणजे वीस इनपुट, वीस आउटपुट. तो पुण्याहून भाड्याने येणार, तोही आदल्या संध्याकाळी. बटणं कम्पॅनियन या बटणांच्या सॉफ्टवेअरवर, दोन लॅपटॉपवरून चालणार: एक मिक्सरच्या टेबलावर, एक वॉलपाशी.

राउटर येईपर्यंत बटणं, लेबलं, रंग सगळं सिम्युलेटरवर (राउटरसारखं बोलणाऱ्या प्रोग्रॅमवर) लावून ठेवता येतं का? आणि सिम्युलेटरवर चाललं म्हणून राउटरवर चालेलच, असं कुठपर्यंत धरायचं?

पोर्ट_९९९०

येतं की मालक. व्हिडिओहबची कंट्रोलची भाषा म्हणजे साधा मजकूर आहे, टीसीपी पोर्ट ९९९० वर. कुणीही जोडलं की राउटर न विचारता सगळं सांगून टाकतो: आधी प्रोटोकॉलची आवृत्ती, मग मॉडेलचं नाव आणि इनपुट-आउटपुट किती ते, मग इनपुटची लेबलं, आउटपुटची लेबलं, लॉक (दुसऱ्याला बदलता येऊ नये म्हणून अडवलेले आउटपुट) आणि सध्याचं राउटिंग. प्रत्येक भागाला वर एक मथळा आणि कोलन, खाली ओळी, आणि भाग संपला की एक कोरी ओळ. एवढं बोलणारा सर्व्हर पायथन किंवा नोडमध्ये एका बैठकीत होतो. गिटहबवर तयारही सापडतात, पण घेतलेला नीट वागतो का ते खालच्या गोष्टींवर पारखून घ्या.

क्रमांक शून्यापासून चालतात. इनपुट ४ आउटपुट १ वर पाठवायचा तर राउटिंगच्या भागात "० ३" जातं, आधी आउटपुट, मग इनपुट. कम्पॅनियनच्या पडद्यावर मात्र एकपासूनच दिसतं. सिम्युलेटर लिहिणारा इथे घसरला की सगळं एका घराने सरकतं.

कोरी ओळ विसरली तर समोरचा भाग संपायची वाट बघत बसतो. एरर नाही, काही नाही, नुसतं गप्प.

टीसीपीमध्ये मजकूर तुकड्यातुकड्याने येऊ शकतो. एकदा वाचलं म्हणजे एक कमांड आली असं धरू नका. येईल ते साठवत जा आणि कोरी ओळ दिसली की मगच भाग वाचा. एकाच लॅपटॉपवर हे क्वचितच उघडं पडतं, नेटवर्कवर पडतं. एका भागात अनेक ओळीही असू शकतात: चारही वॉल एकदम बदलायचं बटण असेल तर चार ओळी एकत्र येतील. फक्त पहिलीच ओळ वाचणारे सिम्युलेटर आहेत.

कमांड समजली तर राउटर "अॅक" म्हणतो, नाही समजली तर "नॅक". पण अॅक म्हणजे राउट बदलला असं नव्हे, कमांड पोचली एवढंच. बदल झाल्याची खबर त्यानंतर वेगळी येते आणि बटणाचा रंग त्या खबरीवर ठरतो.

सिम्युलेटरमध्ये आकडा २०×२० च ठेवा. तुमचे सोर्स नऊ आहेत म्हणून ९×७ कराल तर कम्पॅनियनमधल्या याद्याही तेवढ्याच बनतील, आणि राउटर आल्यावर एखादा सोर्स दहाव्या इनपुटवर हलवायचा झाला की परत बटणं उलगडत बसावं लागेल.

जोडायचं असं: सिम्युलेटर एका वेगळ्या लॅपटॉपवर चालवा, तो ०.०.०.० वर ऐकता ठेवा (१२७.०.०.१ वर ठेवला तर बाहेरून कुणाला दिसणार नाही), विंडोज फायरवॉलमध्ये ९९९० ला वाट द्या, आणि कम्पॅनियनमध्ये व्हिडिओहबचं कनेक्शन घेऊन आयपी हाताने टाका. स्ट्रीम डेक (बटणांचं छोटं पॅड) जवळ नसेल तर ब्राउझरमध्ये ८००० पोर्टवर कम्पॅनियनचा एम्युलेटर उघडा, बटणं तिथेच दाबता येतात.

खरी परीक्षा मात्र उलट बाजूने घ्यायची. पुटी (नेटवर्कवर हाताने कमांड टाइप करायचा प्रोग्रॅम) रॉ मोडमध्ये ९९९० ला जोडा, तिथून हाताने राउट बदला, आणि कम्पॅनियनवर योग्य बटणाचा रंग बदलतो का बघा. बटण दाबून राउट बदलणं सोपं असतं. दुसऱ्याने बदललेलं आपल्याला दिसतं का, यावर कार्यक्रमाचा भरवसा.

गड्डा_एलईडी

तयार सिम्युलेटर घेतला, दोन्ही लॅपटॉप जोडले. ज्या लॅपटॉपवर बटण दाबलं तिथे रंग बदलतो, दुसऱ्यावर जुनाच राहतो. दुसरा बंद करून परत जोडला की बरोबर दिसतो. कम्पॅनियनचं काही चुकतंय का?

पोर्ट_९९९०

कम्पॅनियन ठीक आहे. तो सिम्युलेटर बदलाची खबर फक्त मागणाऱ्याला देतोय, सगळ्या जोडलेल्यांना नाही. परत जोडल्यावर सुरुवातीची पूर्ण हकीकत नव्याने मिळते, म्हणून बरोबर दिसतं. खरा राउटर सगळ्यांना सांगतो. कोडमध्ये जोडलेल्या सॉकेटची यादी ठेवा आणि राउटिंगचा बदललेला भाग यादीतल्या प्रत्येकाला पाठवा.

त्याच जागी लॉकही बघून घ्या. लॉक लावणाऱ्याला राउटर "ओ" कळवतो, म्हणजे तुमचा. बाकीच्यांना त्याच आउटपुटसाठी "एल". मोकळं असेल तर सगळ्यांना "यू". घरगुती सिम्युलेटर सगळ्यांना एकच अक्षर धाडतात, मग दोन्ही ऑपरेटरना वाटतं की लॉक आपलंच. केबलच्या फीडला तुम्ही लॉक लावणारच असाल, म्हणून हे सोडू नका.

टेस्टपॅटर्न

वरचं सगळं कंट्रोलचं झालं. सिम्युलेटरमधून चित्र जात नाही. ऑपरेटरला चित्र बघत सराव करायचा असेल तर ओबीएस (व्हिडिओ मिसळायचं सॉफ्टवेअर) जोडीला घ्या.

ओबीएसमध्ये सात सीन करा, प्रत्येक आउटपुटला एक: "वॉल १", "वॉल २", "केबल" वगैरे. प्रत्येक सीनमध्ये नऊही सोर्स टाका आणि एकच दिसता ठेवा. सीनवर राइट क्लिक करून विंडोड प्रोजेक्टर उघडा, की त्या आउटपुटचा मॉनिटर तयार. ओबीएस २८ पासून वेबसॉकेट (ओबीएसला बाहेरून कमांड द्यायची वाट) आतच आहे, पोर्ट ४४५५. सिम्युलेटरमध्ये राउट बदलला की त्याने वेबसॉकेटवरून त्या सीनमधला जुना सोर्स बंद आणि नवा चालू करायचा. नवा आधी चालू करा, जुना नंतर बंद, नाहीतर मध्ये काळं चमकतं. हे काम कम्पॅनियनच्या बटणांतून करू नका. सिम्युलेटरकडूनच करवा, म्हणजे चित्र राउटरच्या स्थितीवर चालेल, बटणाच्या समजुतीवर नाही.

सोर्स म्हणून एफएफएमपेग या व्हिडिओ बनवायच्या प्रोग्रॅमने एचडी कलर बार काढा, २५ फ्रेम, आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरात "कॅम १", "कॅम २" असं जाळून टाका. नऊ ठिकाणी तेच बार असतील तर काय बदललं ते कळणार कसं? वेगवेगळ्या मशीनवरून एनडीआयने (नेटवर्कवरून व्हिडिओ) आणणार असाल तर १०८०पी च्या पूर्ण दर्जाच्या एका प्रवाहाला साधारण १०० ते १२५ मेगाबिट धरा. नऊ प्रवाह गिगाबिटच्या एका तारेवर कोंडतात. सरावाला एकाच मशीनवरच्या फाइल पुरतात.

एक सोर्स मात्र खऱ्या यात्रेच्या फुटेजचा ठेवा. ऊन आणि पांढऱ्या बाराबंद्यांची गर्दी, एलईडीचा पांढरा रंग जळतो तो तिथेच. राउटिंगशी त्याचा संबंध नाही, पण वॉल लागल्या की तीच फाइल उपयोगी पडेल.

बीएनसी_अण्णा

दुसरा प्रश्न राहिला, कुठपर्यंत धरायचं. बटणं, लेबलं, लॉक, दोन ऑपरेटरची टक्कर इथपर्यंत धरा. तारेत काय होईल ते सिम्युलेटरला माहीत नसतं.

पहिली गोष्ट फॉरमॅट. हा राउटर काही बदलून देत नाही, आत १०८०आय५० आलं तर बाहेर तेच. कॅमेरे १०८०आय५० आणि लॅपटॉपचा कन्व्हर्टर १०८०पी६० वर असेल तर राउट बदलताना एलईडी प्रोसेसर नव्या फॉरमॅटला धरेपर्यंत वॉल काळी पडते. सिम्युलेटरवर हाच बदल चकाचक दिसतो. सगळे सोर्स एकाच फॉरमॅटवर आणा, लॅपटॉपचा रिफ्रेश रेटही ५० करा.

दुसरं रेफरन्स, म्हणजे सगळ्यांची फ्रेम एकाच वेळी सुरू व्हावी म्हणून दिलेला समान ठोका. सोर्स एकमेकांशी जुळलेले नसतील तर फॉरमॅट एक असूनही स्विचला झटका बसतो. राउटरला रेफरन्स दिला की तो उभ्या ब्लँकिंगमध्ये (दोन चित्रांच्या मधल्या रिकाम्या वेळेत) स्विच करतो, पण कॅमेरेही त्याच रेफरन्सवर हवेत. कॅमेऱ्यांना जेनलॉक (रेफरन्सला जुळायची सोय) नसेल तर वॉलवर थेट राउट बदलण्याऐवजी मिक्सरचं मुख्य आउटपुट (प्रोग्रॅम) पाठवा, राउटर फक्त आपत्कालीन ठेवा.

तिसरं तार. एसडीआय म्हणजे या तारेतून व्हिडिओ नेण्याची पद्धत; सेकंदाला एचडी-एसडीआय १.४८५ गिगाबिट, ३जी २.९७, १२जी ११.८८. आकडा वाढला की तीच तार कमी अंतर खेचते, आणि डिजिटल चित्र हळूहळू खराब होत नाही; आधी ठिपके चमकतात, अजून थोडी लांबी वाढली की सगळंच गेलं. राउटर १२जी आहे म्हणून सिग्नल १२जी करायची गरज नाही. १०८०आय५० ला १.४८५ पुरतं, यात्रेच्या मैदानात तेच शहाणपणाचं.

लॅपटॉपच्या एचडीएमआयवर एचडीसीपी (कॉपी रोखणारं कुलूप) असलेलं काही लागलं तर कन्व्हर्टरमधून काळंच येईल. तेव्हा राउटिंगमध्ये दोष शोधत बसू नका.

आणि लाइट जाण्याची तालीम करा, जनरेटरवर काम आहे. सिम्युलेटरचा प्रोग्रॅम बंद करून परत चालू केला आणि कम्पॅनियन जोडला गेला, एवढ्यावर खूश होऊ नका. प्रोग्रॅम बंद होताना समोरच्याला निरोप देऊन जातो. नेटवर्क स्विचची लाइट गेली तर निरोप येतच नाही, कनेक्शन चालू आहे असंच दिसत राहतं. म्हणून लॅनची तार उपटून बघा, मिनिटभर थांबून परत लावा, मग बटण दाबा. सिम्युलेटरने ९९९० वर येणाऱ्या "पिंग" या कमांडला अॅक द्यायलाच हवा, नाहीतर हा प्रयोग खोटा.

गड्डा_एलईडी

तार उपटल्यावर बटणं हिरवीच राहिली, परत लावल्यावर चालली. राउटर आल्यावर काय बदलावं लागेल?

पोर्ट_९९९०

हिरवी राहिली म्हणजे तो रंग "जोडलेलं आहे" असं सांगत नाही, शेवटचं माहीत असलेलं सांगतो. दोन्ही ऑपरेटरना हे आधीच सांगून ठेवा.

राउटर आल्यावर बदलायचं काही नाही, आधीच तसं लावलं तर. भाड्याने देणाऱ्याला राउटरचा आयपी आत्ताच विचारा आणि सिम्युलेटरच्या लॅपटॉपला तोच द्या. कम्पॅनियनला हात लावावा लागणार नाही. लेबलं राउटरवर आधीच्या कामाची असतील, ती तुमच्या यादीतून एकदम पाठवायचं एक बटण करून ठेवा आणि ते सिम्युलेटरवर चालवून बघा. राउटरची तार स्विचमध्ये घालण्याआधी सिम्युलेटरचा लॅपटॉप नेटवर्कवरून काढा, दोघं एकाच आयपीवर आले तर कधी हा उत्तर देईल, कधी तो.