ब्रागांझा आडनाव केल्टिक आहे म्हणतात, म्हणजे नेमके काय?

झुआरीकाठ:
नमस्कार मंडळी. मी मडगावची. माझी शाळेपासूनची मैत्रीण लग्न होऊन चांदरजवळच्या एका ब्रागांझा कुटुंबात गेली. तिच्या मुलाला शाळेसाठी आपल्या आडनावाचा इतिहास लिहायचा आहे. तिने शोधाशोध केली तेव्हा कळले की नाव मुळात केल्टिक, म्हणजे युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांच्या भाषेतले, आहे. आयर्लंडची संत ब्रिजिट आणि ऑस्ट्रियातले ब्रेगेंझ शहर यांच्याशीही त्याचे नाते आहे म्हणे. मुलगा आता सगळ्यांना सांगत सुटलाय की आम्ही केल्ट! हे कितपत खरे? आपल्याकडे पर्रा गावाचे पर्रीकर, तसे ब्रागांसा गावाचे ब्रागांझा असे समजायचे का? इथे जुनी जाणती माणसे आहेत म्हणून विचारते.

फोंडा_शिक्षक:
तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांच्या उलट आहेत. शब्द केल्टिक का? हो. घराणे केल्टिक का? नाही, निदान आडनावावरून तसे मुळीच म्हणता येत नाही.

आधी शब्द घेऊ. मी आयुष्यभर संस्कृत शिकवले, त्यामुळे या भागात मला विशेष गोडी आहे. पोर्तुगालच्या ईशान्य टोकाला, डोंगरापलीकडच्या त्राझ-उझ-मोंतेश प्रांतात ब्रागांसा हे शहर आहे. गढी उंचावर, खाली वस्ती. त्याचे जुने रूप ब्रिगान्तिया. यातला 'ब्रिग' हा केल्टिक भाषांमधला उंची दाखवणारा धातू, म्हणजे शब्दाचे मूळ. त्यावरूनच 'ब्रिगा' म्हणजे टेकडीवरचा कोट. युरोपच्या नकाशावर तो जागोजागी सापडतो. ऑस्ट्रियातले ब्रेगेंझ रोमन काळात ब्रिगान्तियुम होते. फ्रान्सच्या आल्प्समधले ब्रियांसों, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३२६ मीटर उंचावरचे, तेही ब्रिगान्तियुमच. स्पेनच्या गालिसियात तिसरे ब्रिगान्तियुम होते. उत्तर इंग्लंडमध्ये ब्रिगान्तेस नावाची जमात राहत होती आणि तिच्या मुलखात ब्रिगान्तिया देवीच्या नावाचे रोमनकालीन शिलालेख सापडले आहेत. आयर्लंडची ब्रिजिट याच नावाची. ब्रिगान्तिया म्हणजे 'उंच, थोर अशी ती'.

आता आपल्या घरचे बघा. संस्कृतातले 'बृहत्' आणि त्याचे स्त्रीलिंगी 'बृहती' याच मुळाचे. ब्रिजिटचे प्राचीन रूप आणि आपली बृहती ही अक्षरशः एकाच साच्यातली रूपे आहेत, हे भाषाशास्त्रात पक्के मानलेले आहे. इराणातल्या एल्बुर्झ पर्वताचे अवेस्तातले नाव 'हरा बेरेझइती', त्यातही तीच बृहती. जर्मनमधला 'बेर्ग', म्हणजे डोंगर, तोही याच कुळातला. म्हणजे चांदरच्या त्या मुलाने शाळेत 'बृहदीश्वर' शब्द शिकला असेल, तर आपल्या आडनावाचा एक दूरचा भाऊबंद त्याला आधीच भेटलेला आहे. मला हे फार मोलाचे वाटते. मुलांना हे दाखवावे, शब्दांची अशी नाती कळली की भाषा कायमची आवडते.

पण शब्दाचे कूळ आणि माणसाचे कूळ एक नव्हे. पर्रीकरांचा पूर्वज पर्रा गावात राहिलेला असतो. बांदोडकर बांदोड्याचे, मंगेशकर मंगेशीचे. माणूस गावातून बाहेर पडला, दुसऱ्या गावी 'कुठला?' म्हणून विचारले गेले आणि 'कर' चिकटले. गोव्यातल्या बहुतेक ब्रागांझांचा पूर्वज मात्र ब्रागांसा शहरात कधीच गेलेला नाही. हे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेले. सोळाव्या शतकापासून तिसवाडी, बार्देस आणि सासष्टीत धर्मांतरे झाली, तेव्हा पाद्रिन्यु, म्हणजे जो धर्मपिता उभा राहिला त्याचे, किंवा पाद्रीचे वा एखाद्या अधिकाऱ्याचे आडनाव घेतले जाई. एकाच गावातल्या भावांची आडनावेही त्यामुळे वेगळी झालेली असू शकतात.

सासष्टीकर:
फोंड्याच्या सरांनी लिहिले ते आमच्या घरात आम्ही तसेच ऐकत आलोय. मी स्वतः ख्रिस्ती, आडनाव वेगळे, पण गोष्ट तीच. आमच्या पूर्वजाला कोणी नाव दिले ते कोणालाच सांगता येत नाही, पण आम्ही कोमुनिदादीत, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेत, कोणत्या वांगडाचे, म्हणजे कुळाच्या शाखेचे, हे आजोबांना झोपेत विचारले असते तरी सांगितले असते. आडनाव बदलले, वांगड बदलला नाही. गांवकारांचे, म्हणजे कोमुनिदादीच्या वंशपरंपरागत सभासदांचे, जोण (उत्पन्नातला वाटा) बापाकडून मुलाकडे जाते, त्यामुळे तिथली नोंद आडनावापेक्षा जास्त खरी. झुआरीकाठ बाय, मैत्रिणीला सांगा, कुटुंब गांवकारांपैकी असेल तर आधी गावच्या कोमुनिदादीच्या एश्क्रिव्हांवाला, म्हणजे कारकुनाला, भेटा, मग इगर्जीतली (चर्चमधली) बाप्तिस्म्याची पुस्तके. मुलाला सोबत न्या. जुन्या पोर्तुगीज अक्षरात पणजोबाचे नाव बघितल्यावर जे वाटते ते इंटरनेटवर मिळत नाही.

आणखी एक. ब्रागांझा नावाचा अभिमान बाळगायला केल्ट लोकांपर्यंत जायची गरज नाही. लुईस मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) चांदरचेच. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लेखणी चालवली. पणजीतली इन्स्टिट्यूट त्यांच्या नावाने आहे. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते टी. बी. कुन्हा, त्यांच्या नावातला 'बी' म्हणजेसुद्धा ब्रागांझा! पोर्तुगालच्या राजघराण्याचे नावही ब्रागांसाच, आणि तेच आडनाव लावणारी माणसे त्या सत्तेविरुद्ध उभी राहिली, हे त्या मुलाने लिहायलाच हवे.

म्हापसा_वाचक:
राजघराण्यावरून आठवले. कातारीना, जिच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली, ती याच ब्रागांसा घराण्याची ना? मग गोव्यातल्या ब्रागांझांचा राजघराण्याशी संबंध असेल का? आणि बाकीची पोर्तुगीज आडनावेही केल्टिकच का? कोइंब्रा, आल्मैदा, फर्नांडिस वगैरे?

फोंडा_शिक्षक:
हो, तीच कातारीना. लग्नाचा करार १६६१चा. ब्रागांसाची ड्यूकगिरी १४४२ची, १६४०मध्ये त्या घराण्याचा राजा झाला आणि १९१०मध्ये राजेशाही संपेपर्यंत गादी त्यांच्याकडेच होती. म्हणजे २७० वर्षे हे नाव गोव्यावर राज्य करणाऱ्यांचे होते. त्यावरून रक्ताचे नाते काढू नये.

सगळी आडनावे केल्टिक नाहीत. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा आणि फर्नांदो जर्मानिक. पेरैरा म्हणजे नाशपतीचे झाड, लॅटिन. आल्मैदा हे गावाचे नाव अरबीतून आलेले. एका छोट्या देशाच्या नावांत इतके थर आहेत. ब्रागा शहराचे नाव तिथल्या ब्राकारी लोकांवरून, रोमनांनी त्याला ब्राकारा आउगुस्ता केले. ते ब्रागांसाहून वेगळे, गल्लत करू नका.

कोइंब्राची गोष्ट मात्र गोवेकराने मुद्दाम ऐकावी. मूळ कोनिंब्रिगा. शेवटी तोच 'ब्रिगा', कोट. पाचव्या शतकात सुएबी टोळ्यांनी ४६५ आणि ४६८मध्ये हे गाव लुटले. पुढे तिथला बिशप जवळच्या एमिनियुम गावी गेला आणि आपल्या पीठाचे नाव सोबत घेऊन गेला. आजचे कोइंब्रा म्हणजे ते एमिनियुम. खरे कोनिंब्रिगा साधारण सोळा किलोमीटरवर अवशेषरूपात आहे. आपल्याकडे कुशस्थळीहून श्रीमंगेश प्रियोळला आला आणि त्या वाड्याला देवाचे नाव मिळाले. गोवा हे नावसुद्धा असेच चालत आले. आधी कदंबांचे गोपकपट्टण, मग मांडवीकाठचे एला (आजचे जुने गोवे), आणि १८४३मध्ये पणजीला नोव्हा गोवा ठरवले. तेव्हा नाव मूळ जागी असेलच असे धरून चालू नये. आधी नाव कोणाबरोबर हलले ते शोधावे.

झुआरीकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. मैत्रिणीला सगळे वाचून दाखवले. मुलाने आता निबंधाचे दोन भाग करायचे ठरवले आहे, एक शब्दाचा आणि एक घराचा. बृहती आणि ब्रिजिट त्याने वहीत शेजारी शेजारी लिहून घेतले. घराच्या भागासाठी येत्या रविवारी इगर्जीतल्या मिसेनंतर ते दोघे पाद्रीबाबांना भेटून जुनी पुस्तके पाहता येतील का ते विचारणार आहेत. सासष्टीकर बाब, एश्क्रिव्हांवाकडे जाताना कोणते कागद बरोबर न्यावे लागतील ते सांगाल का?

सासष्टीकर:
आजोबांचा जन्मदाखला, आणि घरात जोण मिळत असेल तर त्याची जुनी पावती. पावती नसली तरी जा. नाव आणि वाडा सांगितला तरी शोधायला सुरुवात करता येते.