विकतच्या एलएमएसला घरचे जोडभाग लावावेत का?

टर्मवर्कवाली: आमच्या अभियांत्रिकी कॉलेजातल्या विकतच्या एलएमएसला, म्हणजे ऑनलाइन वर्ग नि गुण सांभाळणाऱ्या प्रणालीला, 'बॅच' कळत नाही. बी१, बी२, बी३ची प्रॅक्टिकल वेगवेगळ्या वारी, टर्मवर्क २५ पैकी: जर्नल १०, तोंडी १०, हजेरी ५. कंपनीला समजावण्यात वर्ष गेलं. शेवटी आमच्याच दोघांनी जावात जोडभाग लिहून सर्व्हरवर चढवला. दोन वर्षं छान चाललं. यंदा ऐन सबमिशनच्या आठवड्यात कंपनीनं आवृत्ती बदलली आणि बॅचचा टॅबच गायब! रात्री एकपर्यंत एक्सेलमध्ये गुण भरत बसले. तरीही म्हणेन, जोडभाग आपला हवा आणि आतलाच हवा.

सर्व्हरमामा: भाड्याच्या घरात पोटमाळा बांधलात तर मालक घर पाडताना तुम्हाला विचारणार आहे का? ब्लॅकबोर्ड या विकतच्या एलएमएसचे जोडभाग, 'बिल्डिंग ब्लॉक्स', आठवा. विद्यापीठांनी मेहनतीनं लिहिले, ब्लॅकबोर्डचं नवं रूप 'अल्ट्रा' आलं आणि त्यात ते चालेनात. बाहेरचं टूल एलएमएसला जोडायचं मानक, एलटीआय, २०१०पासून आहे. टूल तुमच्या सर्व्हरवर, वर्गात फक्त त्याचं दार. उद्या कॅनव्हाससारखं दुसरं एलएमएस घेतलं तरी तेच टूल चालतं.

टर्मवर्कवाली: केलंय तेही. एलटीआयच्या १.१ आवृत्तीत गुण ० ते १ मध्येच परत जातो. २५ पैकी १७ म्हणजे ०.६८. एका दुव्याला एकच आकडा. पोरं विचारतात, "मॅडम, तोंडीला किती?" काय सांगू, शून्य पूर्णांक अडुसष्ट?

सर्व्हरमामा: ते जुनं झालं. २०१९च्या १.३ बरोबरच्या सेवांत गुणांचे अनेक रकाने करता येतात, २५ पैकी १७ तसेच पाठवता येतात, वर्गाची यादीही मिळते. तुमच्या कंपनीनं त्या सेवा दिल्यात का, तेवढं विचारा.

मूडलकर: इतका खटाटोप कशाला? मूडल हे खुल्या कोडचं एलएमएस २००२पासून आहे, फुकट आहे, त्यात ग्रुप आहेत. बी१ म्हणजे एक ग्रुप. झालं.

सर्व्हरमामा: आणि रविवारी रात्री सर्व्हर बसला की फोन कुणाला, तुम्हाला? शिवाय आवृत्ती बदलली की मूडलचे प्लगिन, म्हणजे जोडभागही रुसतात.

मूडलकर: रुसतात, पण कोड समोर असतो. उघडून दुरुस्त करता येतं. विकतच्यात नुसतं तक्रारीचं तिकीट टाकून बसायचं.

टर्मवर्कवाली: दुरुस्त करणार कोण? जोडभाग लिहिणाऱ्या दोघांतला एक जूनमध्ये नोकरी सोडून गेला. दुसऱ्याला फक्त रिपोर्टचा भाग येतो.

सर्व्हरमामा: मग आतलाच हवा कसं म्हणता? कोड पाठवा, १.३ वर नेता येतो का बघतो. आणि नवी आवृत्ती आधी चाचणी सर्व्हरवर मिळेल, असं करारात आहे का ते तपासा.

टर्मवर्कवाली: पाठवते. करार प्राचार्यांच्या कपाटात आहे, सर सोमवारी येतील.