समोरच्याने माफी मागितलीच नाही, तर क्षमा करायची कशी?

वचनप्रेमी:
जय ख्रिस्त. बायबलमधल्या मार्क ११:२५ नुसार प्रार्थनेला उभं राहताना कोणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करायची. लूक १७:३ मात्र म्हणतं, दोष दाखवा आणि पश्चात्ताप केला तर क्षमा करा. मंडळीतल्या (चर्चमधल्या) कोणी पाठीमागे बदनामी केली, माफी मागितली नाही आणि रविवारी प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी) आहे, तर कोणतं वचन धरायचं? आणि क्षमा केली की पूर्वीसारखाच विश्वास टाकायचा का?

पाळकसेवा:
दोन्ही धरायची. मार्कमध्ये माणूस देवापुढे उभा आहे, लूकमध्ये भावापुढे. मत्तय १८:२७ मध्ये, येशूने सांगितलेल्या दाखल्यात (बोधकथेत), धनी चाकराचं कर्ज 'सोडतो'. तिथला ग्रीक शब्द 'अफिएमी' क्षमेसाठीही वापरलाय. म्हणून आधी कर्ज नीट मांडावं लागतं. कागदावर तीन गोष्टी लिहा: त्याने नेमकं काय केलं, त्यामुळे माझं काय गेलं, आणि मी ते कसं वसूल करतोय. अबोला, टोमणे, त्याचं नाव निघताच चेहरा पाडणं, ही सगळी वसुलीच. देवापुढे सोडायची ती ही तिसरी गोष्ट, एकेक नाव घेऊन. "प्रभू, सगळ्यांना माफ कर" अशी मोघम प्रार्थना दोन दिवस टिकत नाही, कारण काय सोडलं हेच ठरलेलं नसतं.

त्याच दाखल्यात दुसऱ्या चाकराचं या पहिल्या चाकराला देणं १०० दिनार आहे. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त कमाई. ते क्षुल्लक नाही. तुमची जखम खोटी आहे असं प्रभू म्हणत नाही. पण पहिल्याचं धन्याला देणं १०,००० तालांत (पैशाचं मोठं माप) होतं. तालांताला सुमारे ६,००० दिनार धरले तर ६ कोटी दिवसांची मजुरी होते.

जुना_वडील:
आता भावापुढचं काम, मत्तय १८:१५-१७. आधी एकट्याने एकांतात भेटा. नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत न्या, मग मंडळीला सांगा. बिघडतं ते पहिल्याच पायरीवर. "प्रार्थनेसाठी सांगते हं" म्हणत गोष्ट चार घरी पोचते आणि ज्याला सांगायचं त्याला सर्वांत शेवटी कळते. व्हॉट्सॲपवर लिहू नका, स्वर पोचत नाही. एकच प्रसंग घ्या, "तुम्ही नेहमीच" हे शब्द टाळा, आणि आपली चूक असेल तर तिची कबुली आधी द्या.

वचनप्रेमी:
तो भेटायलाच तयार नसेल तर?

जुना_वडील:
रोम १२:१८: तुमच्याकडून होईल तितकं. भेट मागितली, मनातली वसुली सोडली, तर प्रभुभोजन घ्या. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण ठेवून जायला सांगितलंय ते भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही असेल तेव्हा. तेही तपासून बघा.

समुपदेशन_सेवा:
विश्वासाचं उत्तर उत्पत्ती ४२ ते ४५ मध्ये आहे. योसेफाला त्याच्या भावांनी विकलं होतं; त्याने ओळख देण्याआधी त्यांना पारखलं. भाऊ यहूदा धाकट्या बन्यामिनाच्या जागी दास व्हायला तयार झाला, तेव्हाच योसेफाने आपली ओळख उघड केली. पैशाची अफरातफर करणाऱ्याला क्षमा करा, दानपेटीची किल्ली मात्र लगेच देऊ नका.

एक कळकळीची विनंती. मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असेल तर 'एकांतात भेटा' हा सल्ला कोणालाही देऊ नका. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायदा २०१२, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पाळकांनाही. क्षमेच्या नावाखाली ते मंडळीतच मिटवता येत नाही.