मदत हवी आहे: कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टवर प्रायोजकाचा लोगो कुठे आणि कसा रंगवावा?

नमस्कार मंडळी,

नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थी समितीत मी काम करते. दर जानेवारीत आमच्याकडे आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा होते. याच कोर्टवर मी पाच वर्षं खेळले, त्यामुळे कुठे बॉल कमी उसळतो तेसुद्धा मला पाठ आहे. यंदा स्पर्धेआधी कोर्ट नव्याने रंगवायचं ठरलंय आणि पहिल्यांदाच एक प्रायोजक रंगकामाचा सगळा खर्च उचलायला तयार झालाय. आनंद व्हायला हवा, पण त्यांनी पाठवलेलं डिझाइन बघितल्यापासून मला चैन नाही.

मधल्या गोलात पूर्ण रंगीत लोगो, छटा आणि सावलीसकट. दोन्ही पेंटमध्ये, म्हणजे रिंगखालच्या चौकोनात, त्यांच्या उत्पादनाचा फोटो, तोही व्हिनाइलवर छापून चिकटवलेला. आणि बाकी सगळं कोर्ट त्यांच्या पाकिटाच्या पिवळ्या रंगात. लाइनी पांढऱ्या. पिवळ्यावर पांढरी लाइन ऊन असताना कशी दिसणार?

मी एवढी का घाबरते ते सांगते. मागच्या स्पर्धेत दुसऱ्या प्रायोजकाचा व्हिनाइल स्टिकर आम्ही पेंटमध्ये लावला होता. वर चकचकीत लॅमिनेशन. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातची मुलींची मॅच होती. रात्री दव पडलं होतं. पोरांनी पोती आणि वायपर घेऊन कोर्ट पुसलं, सिमेंटचा भाग वाळलाही, पण स्टिकरवर पाण्याचा पातळ थर राहिला आणि तो कोणाच्या लक्षात आला नाही. पाहुण्या टीमची गार्ड ले-अपला, म्हणजे पळत येऊन रिंगजवळून बॉल टाकायला, आत शिरली आणि तिचा शेवटचा पाय नेमका स्टिकरवर पडला. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं. ती अजून खेळायला लागलेली नाही. स्टिकर कुठे लावायचा हे मी ठरवलं होतं. तिला आणि तिच्या आईला मी दोनदा भेटून आले. दोघी माझ्याशी चांगलंच बोलल्या, पण त्यामुळे मला सुटल्यासारखं वाटलं नाही.

कोर्टची सध्याची अवस्था अशी: उघड्यावरचं सिमेंटचं कोर्ट, वर जुना ॲक्रिलिक कोट, बराच झिजलेला. मध्ये कोणीतरी ऑईल पेंटने डागडुजी केली आहे, तिथे पापुद्रे निघतात. शिवाय जुन्या नियमांचा तिरक्या बाजूंचा पेंट आणि 6.25 मीटरची थ्री पॉइंट लाइन (जिच्या बाहेरून बास्केट केली की तीन गुण) अजून खालून डोकावते. फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, 2010 मध्ये पेंट सरळ आयताकृती केला आणि लाइन 6.75 मीटरवर नेली, पण आमच्याकडे जुनी लाइन न खरवडता वरच नवी मारली गेली. बाहेरून आलेले खेळाडू दरवर्षी गोंधळतात.

मला विचारायचंय ते असं. नियमाप्रमाणे लोगो कोर्टच्या आत चालतो का, आणि चालत असेल तर कुठे? स्टिकरऐवजी रंगात लोगो काढला तर घसरण खरंच कमी होते का? आणि प्रायोजकाला “इथे नको” सांगताना त्याऐवजी काय द्यावं, म्हणजे तो हातचा जाणार नाही? आमच्या क्रीडा संचालक सरांनी निर्णय माझ्यावर सोडलाय. पुढच्या सोमवारी प्रायोजकाबरोबर बैठक आहे.

प्रतिसाद: निवृत्त शिट्टी

ताई, मी बरीच वर्षं पंच म्हणून काम केलं आहे. आधी नियमाचं सांगतो, कारण बैठकीत नियमाचा आधार सगळ्यात पक्का असतो.

फिबाच्या नियमात सगळ्या लाइनी एकाच रंगाच्या, पांढऱ्या किंवा जमिनीपासून स्पष्ट वेगळ्या दिसणाऱ्या रंगाच्या, 5 सेंटीमीटर रुंद आणि नीट दिसतील अशा हव्यात. पिवळ्यावर पांढरी लाइन तिथेच अडते. पेंटचा आतला भाग एकाच रंगात रंगवायचा असतो, त्यामुळे तिथला फोटो सरळ नियमावर बोट ठेवून नाकारा. मधल्या गोलात लोगो मोठमोठ्या स्पर्धांत तुम्ही पाहिला असेल, तिथे अडचण येऊ नये. पण गोलाची कड आणि मध्यरेषा लोगोतून तुटता कामा नये. आठ सेकंदांत बॉल पुढच्या अर्ध्यात नेला का, पुढे गेलेला बॉल परत मागच्या अर्ध्यात आणला का (बॅककोर्ट), हे मी त्या रेषेवर बघतो. लोगोच्या गर्दीत ती रेषा हरवली तर शिट्टी अंदाजाने वाजते.

आणखी एक. चारही बाजूंना 2 मीटर मोकळी जागा हवी. जाहिरातीचे बोर्ड त्या 2 मीटरच्या पलीकडे. फास्ट ब्रेकवर सुटलेलं पोर बेसलाइनच्या बाहेर दोन-तीन पावलं जातंच.

जुन्या लाइनी मात्र आधी घालवा. हल्ला करणारा खेळाडू पेंटमध्ये तीन सेकंदांहून जास्त थांबला का, यावरची तिरक्या पेंटमुळे झालेली भांडणं मी खूप सोडवली आहेत.

प्रतिसाद: दोन कोट

मी कोर्टच्या कोटिंगचं काम करतो, म्हणून रंगाचं बोलतो.

घसरण रंगामुळे होत नाही, पृष्ठभाग बदलल्यामुळे होते. ॲक्रिलिक कोटमध्ये सिलिका सँड असते, बूट तिला धरतो. खेळाडूचा पाय त्या पकडीला सरावतो. मग मध्येच गुळगुळीत तुकडा आला की शरीर पुढे जातं आणि पाय वेगळं वागतो. तुमच्याकडे तेच झालं. त्यामुळे लोगो काढायचाच असेल तर बाकी कोर्टला वापरलाय त्याच कंपनीचा ॲक्रिलिक रंग, तीच वाळू, तोच पोत. स्टेन्सिलने काढा. ऑईल पेंट अजिबात नको. तो चकचकीत होतो आणि खालून येणारी ओल अडवतो, मग फुगून पापुद्रे निघतात. जुने ऑईल पेंटचे तुकडे ग्राइंडरने पूर्ण काढायला लावा, त्यावर नवा कोट धरणार नाही.

जुन्या लाइनींचंही तसंच. आधी घासा, मग रीसर्फेसरचा, म्हणजे पृष्ठभाग सपाट करणारा, कोट, मग रंगाचे दोन कोट. नुसता रंग मारला तर लाइनीचा उंचवटा तिरप्या उन्हात दिसत राहतो.

स्टेन्सिलसाठी छटा आणि सावल्या विसरायला सांगा. एक रंग, फार तर दोन. लोगोची कोरलड्रॉ फाइल मागवा, फोटो नको. फ्लेक्सवाल्यांकडे कटिंग प्लॉटर असतो, ते तुकड्यांत स्टेन्सिल कापून देतात. मास्किंग टेप लावल्यावर टेपच्या कडेला आधी खालच्याच रंगाचा हात फिरवायचा आणि मग लोगोचा रंग भरायचा, म्हणजे कड फुटत नाही. एवढं न करणारे पेंटर पुष्कळ आहेत, समोर उभं राहून करून घ्या.

आणि काम आटोपल्यावर लगेच खेळायला देऊ नका. वरून वाळलेलं दिसतं, आतून कच्चं असतं. तारखा मागून मोजत या.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. शिट्टीकाका, एक अडचण आहे. पायऱ्यांच्या बाजूला आमच्याकडे जेमतेम सव्वा मीटर जागा आहे. तिथे बोर्ड लावणार नाहीच, शिवाय पायऱ्यांच्या कडेला फोमच्या गाद्या बांधायचं ठरवते. दोन कोट दादा, वाळूचा पोत तपासायची काही साधी पद्धत आहे का?

प्रतिसाद: दोन कोट: आहे. रंगाऱ्याला आधी कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फूट नमुना करायला लावा, अर्धा कोर्टचा रंग, अर्धा लोगोचा. वाळला की सकाळच्या दवात, खेळायचे बूट घालून, पळत येऊन त्यावर थांबा. दोन्ही अर्ध्यांवर पाय सारखा थांबला पाहिजे. तोपर्यंत बाकी पैसे देऊ नका.

प्रतिसाद: ह्यूस्टनकर

मी मूळची नाशिकरोडची, आता अमेरिकेत असते. इथल्या कॉलेज बास्केटबॉलची मला फार आवड. तुमच्या बैठकीत कामाला येतील अशी उदाहरणं देते.

कॉलेजांच्या मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत कोका-कोलासारखे बडे प्रायोजक होते, तरी 2023 मध्ये खेळाच्या जमिनीवर कंपन्यांची नावं नव्हती. संयोजक एनसीएए हॉलमधल्या इतर जाहिरातीही झाकून घेत असे. 2023 ची फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार टीमची फेरी, इथे एनआरजी स्टेडियममध्ये झाली, मी खूप वरच्या बाकांवर होते. तिथूनही लाकडी जमिनीवरची प्रत्येक लाइन वेगळी दिसत होती. नेहमीच्या हंगामात मात्र इथल्या कॉलेजांच्या कोर्टवर प्रायोजकांचे लोगो दिसतात, म्हणजे लोगोचं वावडं नाही.

सजावटीचं म्हणाल तर ओरेगन विद्यापीठाचं कोर्ट बघा. 2011 च्या जानेवारीत सुरू झालं, नायकेचे डिझायनर टिंकर हॅटफिल्ड यांनी केलेलं. कडेने उंच झाडांच्या सावल्या आहेत, जंगलात आडवं पडून वर बघावं तशा. मला फार आवडतं, त्या भागाची ओळख त्यात आहे. पण मध्यरेषा नीट दिसत नाही अशी टीका त्यावर झाली होती.

आणि ओल! 2012 च्या नोव्हेंबरात नौदलाच्या जहाजांच्या डेकवर कॉलेजांच्या मॅचेस ठेवल्या होत्या. समुद्राच्या हवेने लाकडावर ओल धरली. ओहायो स्टेट आणि मार्केट (Marquette) या विद्यापीठांची मॅच झालीच नाही, फ्लोरिडा आणि जॉर्जटाउनची मध्यंतराला थांबवली. एवढी तयारी, एवढे प्रेक्षक, तरी थांबवली. तुमच्या सव्वासातच्या मॅचबद्दल वाचलं तेव्हा हेच आठवलं. त्या मुलीसाठी वाईट वाटलं हो.

व्यावसायिकांचंही सुटलं नाही. 2023 मध्ये एनबीएने नव्या स्पर्धेसाठी पूर्ण रंगवलेली कोर्टं आणली, तेव्हा बॉस्टनच्या जेलन ब्राउनने घसरडेपणाची उघड तक्रार केली होती.

प्रतिसाद: रंगरेघ

मी डिझाइन शिकवतो. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही फुकटच्या आहेत.

एक, रंग ठरवताना डिझाइनचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. लाइन आणि जमीन दोन्ही सारख्याच करड्या दिसल्या तर ती जोडी बाद. पिवळ्या-पांढऱ्याचं तुमच्या डोळ्यांसमोर होईल. हिरव्या जमिनीवर लाल पेंटही असाच फसतो, आणि लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे खेळाडू असतातच. आत गडद निळा, बाहेरच्या पट्ट्यात प्रायोजकाचा पिवळा, लाइनी पांढऱ्या. बाजूच्या लाइनी निळ्याच्या शेजारी येतात, म्हणून त्या उठून दिसतील.

दोन, प्रायोजकाला क्षेत्रफळ दाखवा. कोर्ट 28 बाय 15, म्हणजे 420 चौरस मीटर. सगळीकडे 2 मीटर धरले तर 32 बाय 19, म्हणजे 608. बाहेरचा पट्टा 188 चौरस मीटर, जवळजवळ 2,000 चौरस फूट. मधला गोल जेमतेम 10 चौरस मीटर, आणि त्यावर सतत पोरं उभी. तुमच्या मॅचेस यूट्यूबवर दाखवता का? दाखवत असाल तर कॅमेऱ्यासमोरच्या साइडलाइनबाहेर नाव लिहा आणि अक्षरं उभी ताणा. कॅमेरा खालून तिरपा बघतो, जमिनीवरची अक्षरं चेपलेली दिसतात. क्रिकेटच्या मैदानावर लोगो उभा असल्यासारखा दिसतो तो याच हिशेबाने काढलेला असतो. कॅमेऱ्याच्या जागी उभं राहून एकाने सांगायचं, दुसऱ्याने खडूने आखायचं.

बेसलाइनबाहेर मात्र काहीही चिकटवू नका. ले-अप मारून पोरं तिथेच उतरतात.

प्रतिसाद: निवृत्त शिट्टी: रंगरेघ यांच्याशी सहमत. पायऱ्यांकडची जागा कमी आहे, तेव्हा तुमचा पट्टा थोडा कमी भरेल, पण हिशेब तोच. शिवाय रिंगच्या खांबाच्या गाद्या, स्कोअररच्या टेबलाचा दर्शनी भाग, टीम बेंचच्या पाठी या जागा द्या. मॅचभर लोकांची नजर तिथे जात असते आणि बक्षीस समारंभाचे फोटोही टेबलाशीच निघतात.

धागाकर्ती (मंगळवारी):

बैठक काल झाली. मी आधी डिझाइनचा कृष्णधवल फोटो टेबलावर ठेवला. पिवळं कोर्ट आणि पांढऱ्या लाइनी एकमेकांत विरघळल्या होत्या. त्यांच्या मार्केटिंगच्या साहेबांनी तो फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग मी मागच्या वर्षीचं सांगितलं, त्या मुलीच्या परवानगीने. ते म्हणाले, आमच्या नावावर पाय घसरून कोणी पडलेलं आम्हालाही नको.

ठरलं ते असं. आत गडद निळा, पेंटला एकच रंग, बाहेरचा पट्टा त्यांचा पिवळा. कॅमेऱ्यासमोर साइडलाइनबाहेर त्यांचं नाव, ताणलेल्या अक्षरांत. खांबाच्या गाद्या आणि स्कोअररचं टेबल त्यांचं. मधल्या गोलावर मात्र ते अडून बसले. शेवटी तिथे कॉलेजचं चिन्ह आणि खाली त्यांचा एकरंगी लोगो, दोन्ही वाळू मिसळलेल्या ॲक्रिलिक रंगात, मध्यरेषा अखंड, आणि नमुन्याची चाचणी पास झाली तरच. चाचणी फसली तर गोल रिकामा राहील, हे त्यांनी लेखी दिलं आहे. स्टिकर कुठेही नाही, हेसुद्धा. सकाळची पहिली मॅच आता साडेआठच्या आधी लावणार नाही.

आमच्या एका विद्यार्थिनीने पायऱ्यांच्या बाजूच्या पट्ट्यात चांदवडच्या डोंगरांची रेघ काढायचं सुचवलंय. ओरेगनची झाडं वाचून तिला ते सुचलं. ते पूर्ण लाइनीबाहेर आहे, म्हणून मी हो म्हटलं.

नमुना गुरुवारी मारतोय, शनिवारी पहाटे सहा वाजता दवात चाचणी. पहिली पळत मी जाणार आहे. एवढंच अडलंय: मधल्या गोलाचं स्टेन्सिल साडेतीन मीटरच्या आसपास होईल आणि इथला फ्लेक्सवाला म्हणतो की जोड उघडे पडतील. नाशिक किंवा मालेगावमध्ये एवढं मोठं काम नीट कापून देणारं कोणाच्या माहितीत असेल तर कृपया शुक्रवारपर्यंत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.